कॅनच्या कड्या

जावा मोटरसायकलच्या गिअरचा दांडा आत दाबून वर-मागं फिरवला की त्याची किक होते. गाडी सुरू झाली की तोच दांडा परत पुढं आणायचा, झाला गिअर. एकाच लोखंडाला दोन कामं. हे माहीत नसलेला माणूस जावावर बसून पाच मिनिटं किक शोधत राहतो आणि शेजारी उभे असलेले जुने लोक मिशीतल्या मिशीत हसतात.

मी पहिल्यांदा तो दांडा धरला तेव्हा हसायला कुणी नव्हतं. दांडा सापडला, पण तो हलेना. आतलं सगळं गाळानं धरलेलं होतं.

२०१९चा ऑक्टोबर होता. ऑगस्टातला महापूर ओसरून दोन महिने झाले होते. शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या बेचक्यातल्या एका गावात मी बँकेच्या कामानं गेलो होतो. हातात कर्जदारांची यादी, आणि कुणाचं काय गेलं ते लिहून घ्यायचं. एका घराच्या मागं गोठा होता. गोठ्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीवर. त्या रेघेच्या खाली कोपऱ्यात ती उभी होती. चाकाच्या आऱ्यांत कडबा अडकून वाळलेला. टाकीच्या बाजूचं रबर सुटून लोंबत होतं, आणि तिथला गाळ बोटानं पुसला तर खाली मरून रंग. सीटच्या मागं दोन्ही अंगांना लोखंडी अँगलचा सांगाडा वेल्डिंग केलेला आणि त्याला एकेक कडी.

"मालकांची हाय," घरातल्या मावशी म्हणाल्या. "दूध घालायचे तिच्यावरनं इचलकरंजीला. आता भंगारवाला यायचाय, वजनावर न्हेतो म्हणालाय."

मालक पुरापासून मिरजेला लेकीकडं होते. मुलाशी बोललो. बारा हजार ठरले. भंगारवाला देणार त्याच्या कितीतरी पट दिले म्हणून मी स्वतःवर खूश, आणि एवढ्याला गाळ घेणारा बँकवाला भेटला म्हणून मुलगा खूश.

चाचांनी टेम्पोतून उतरलेली गाडी बघितली आणि चपलेच्या टोकानं सायलेन्सरला हलकेच ढोसलं. आतून गाळाचा वाळका लांबट तुकडा निसटला, शेवयाच्या सोऱ्यातून पडावा तसा. "साहेब, बारा हजाराचा गाळ घेतलासा. गाडी वर फुकट मिळाली म्हणा."

चाचा म्हणजे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोळातले मिस्त्री. उद्यमनगर ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायचं तर एका पत्र्याच्या शेडमध्ये लेथ, शेजारच्या शेडमध्ये बोअरिंग मशीन, पलीकडं स्प्रिंगवाला, त्याच्या पलीकडं गिअर कापणारा, आणि या सगळ्यांच्या मधे चहावाला. ज्या गावात १९१८ साली बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेराच घडवला, त्या गावात 'पार्ट मिळत नाही' ही सबब फार दिवस चालत नाही. नमुना घेऊन या, करून देतो, असं म्हणणारा कुणी ना कुणी निघतो. माझं शिक्षण बी.कॉम. मी आयुष्यभर आकडे जुळवलेत. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला या बोळात दर शनिवारी-रविवारी बसायला जागा मिळाली, हे माझं भाग्य आणि माझ्या घरच्यांची सहनशक्ती.

जावा हे नाव तिच्या बापाच्या आणि सासरच्या नावातून झालंय असं मी गमतीनं म्हणतो. प्रागच्या फ्रांटिशेक यानेचेकनं १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचा आराखडा विकत घेतला. यानेचेकचा 'जा', वांडररचा 'वा'. आपल्याकडं १९६१ साली म्हैसूरला, यादवगिरीत, इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कारखान्यात तिचं उत्पादन सुरू झालं. सत्तरीच्या मध्यात जावा हे नाव गेलं आणि तीच गाडी येझ्दी झाली. येझ्दी हे इराणातल्या याझ्द गावावरून आलं असं म्हणतात. चेक भाषेत त्याच उच्चाराचा अर्थ 'चालतो, जातो' असा होतो, त्यामुळं दोन्हीकडचे खूश. १९९६ साली कारखाना बंद पडला. टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला एक ठिणगी (फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक), अडीचशे सीसी, लिटरला पंचवीस-तीस किलोमीटर. शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या १९८५ पासून गावोगाव पोचल्यावर हिचा निभाव लागणं कठीणच होतं. महिंद्राच्या एका उपकंपनीनं २०१८ साली जावा हे नाव परत आणलं. त्या गाड्या देखण्या आहेत, पण फोर-स्ट्रोक आहेत, आणि त्यांची किक शोधावी लागत नाही, कारण ती नाहीच.

माझी जावा १९७१ची. आरसी बुकाचा कागद पापडासारखा झालेला. पूर येणार म्हटल्यावर मावशींनी तो दागिन्यांच्या डब्यात घालून डोक्यावरून नेला होता. गाडी राहिली आणि कागद वाचला.

"खोलायच्या आधी फोटो काढा," ही चाचांची पहिली शिकवण. "आणि प्रत्येक नट ज्या जागचा त्या जागी परत अर्धा पिळून ठेवा. डब्यात टाकला की त्यो तुमचा न्हाई." मी फोटो काढले. नट मात्र डब्यातच टाकले. घरातले इडलीपात्राचे साचे आणले होते, एकेका खळग्यात एकेका जागेचे स्क्रू, अशी माझी हिशेबी व्यवस्था. एका रविवारी भाच्यानं ते पात्र उचललं आणि "मामा, हे काय?" म्हणून उलटं केलं. चार वर्षांनी गाडी बांधून झाली तेव्हा दोन स्प्रिंग वायसर आणि एक स्क्रू उरला होता. तेरीज जुळली नाही. ते तिन्ही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. कधी काही खडखडलं की त्यांच्याकडं बघून पोटात गोळा येतो.

पिस्टन सिलिंडरमध्ये गच्च बसला होता. चाचांनी प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि वर चिंधीचा बोळा कोंबला. "आता हात लावू नका." पहिल्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी बँकेतून सुटल्यावर जाऊन विचारायचो, सुटला का. तिसऱ्या आठवड्यात चाचा वैतागून म्हणाले, "साहेब, अंडं उबवतंय म्हणून समजा. सारखं हलवलं तर पिल्लू मरंल." चौथ्या आठवड्यात बाभळीचा ठोकळा ठेवून लाकडी हातोड्याचे पाच ठोके बसले, आणि पिस्टन केसभर सरकला. तेवढ्या केसभर सरकण्याला अख्खा बोळ बघायला आला होता.

पुढचं पाप माझं. इंजिनाची केसिंग ॲल्युमिनियमची, उभी दोन भागांत जोडलेली. सगळे स्क्रू काढले तरी दोन्ही भाग एकमेकांना सोडेनात. चाचा नमाजाला गेले होते. मी फटीत पेचकस घालून तिरपा दाबला. 'टक' असा गोड आवाज झाला आणि फट उघडली. चाचा परत आले, केसिंग उजेडाकडं धरली, आणि ज्या जागी पेचकस टेकला होता तिथं अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना टेकतात तिथं नख अडकलं की तिथून ऑइल गळणार, हे मला त्यांनी नंतर शांतपणे सांगितलं. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग भरून, ते घासून, मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ती केसिंग आठाच्या आकड्यात फिरवत तीन रविवार गेले. तो खड्डा मी केला, तर तो मीच बुजवायचा, अशी शिक्षा होती. मनगटं महिनाभर दुखत होती.

आत कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गंजून लाल झालेलं. फ्लायव्हीलच्या दोन चाकांमध्ये नदीचा मऊ काळा गाळ, इतका बारीक की वाळल्यावर टाल्कम पावडरीसारखा उडायचा. शेतात पडला असता तर सोनं झालं असतं.

बोअरिंगवाल्याकडं सिलिंडर घेऊन गेलो. मूळ बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. गेज आत सोडून तो म्हणाला, "वर गोल हाय, खाली अंडं झालंय. पॉइंट पन्नास लागंल." म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घ्यायचा आणि त्याच्या मापानं सिलिंडर कापायचा. पिस्टन हातात दिल्याशिवाय हे लोक सिलिंडरला हात लावत नाहीत, कारण दोन पिस्टनही एका मापाचे नसतात. पिस्टन आणि सिलिंडर यांत अडीच-तीन थाऊची फट ठेवायची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या बँकेत कर्मचारी दहा रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसतात त्याचं मला कौतुक होतं. इथं शेडमध्ये फाटका बनियन घातलेला माणूस हजाराव्या भागासाठी भांडत होता, तेही मशीन त्याच्या आजोबांच्या वयाचं असताना.

आता त्या कड्यांबद्दल.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरातले जावा-येझ्दीवाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात, तसे आमच्याकडंही जमतात. मी अजून गाडी नसलेला, नुसतं इंजिन असलेला सभासद. २०२१च्या जुलैत परत पूर आला आणि माझं उघडं इंजिन पोटमाळ्यावर चढवावं लागलं, तेव्हा या मंडळींनीच फोन करून चौकशी केली. फार जिव्हाळ्याची माणसं. पण एका बाबतीत कडक. गाडी मूळची हवी. दिव्याची काच म्हैसूरची का नंतरची, टाकीवरची पट्टी हातानं ओढलेली का चिकटवलेली, नटाच्या डोक्यावर कुठली खूण, हे सगळं त्यांना पाठ. माझ्या सांगाड्याचा फोटो बघून एक जण म्हणाले, "हे पहिलं कापून टाका. फ्रेमचा सत्यानाश केलाय कुणी तरी."

तो 'कुणी तरी' मला खटकला. पण मीही मनातून तेच म्हणत होतो.

त्याच महिन्यात केंद्राचा व्हिंटेज गाड्यांचा नियम आला. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ स्वरूपात असली, चॅसिस-इंजिनात फेरबदल नसले, तर वीस हजार रुपये भरून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळणार. माझी गाडी नेमकी पन्नाशीची. हा योग मला दैवी वाटला.

नियमांचं म्हणाल तर हौसेनं गाडी बदलणाऱ्यांची आपल्याकडं कायमच पंचाईत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. तरी राजारामपुरीत संध्याकाळी उभं राहा, मडगार्ड छाटलेल्या, जाड टायरच्या, हँडल बदललेल्या बुलेटी दिसतील. मला त्या पोरांचा राग येत नाही. सायलेन्सरच्या फटाक्यांचा येतो. चांगल्या कारागिराच्या हातून कापलेली, जोडलेली, नव्यानं मांडलेली गाडी बघायला मला आवडते. त्यात बघणारा डोळा लागतो, वेल्डिंगचा हात लागतो. पण हौस म्हणून केलेला बदल आणि पोटासाठी केलेला बदल यांना आपण वेगळी नावं देतो, पहिल्याला 'कस्टम' आणि दुसऱ्याला 'सत्यानाश', हे काही मला पटत नाही. सौराष्ट्रात बुलेटचं पुढचं धूड आणि मागं दोन चाकांचा हौदा जोडून छकडा करायचे आणि त्यात अख्खं गाव बसायचं. त्या मिस्त्रीच्या नावानं कुणी प्रदर्शन भरवत नाही.

माझ्या गाडीवरचा सांगाडा मी नीट बघितला होता. दीड इंची अँगल, कोपरे तिरके कापून जोडलेले, नुसते एकावर एक ठेवून चिकटवलेले नव्हेत. कड्या दहा मिलिमीटरच्या सळईच्या, त्यांवर सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली, म्हणजे कॅन खडखडू नये. आणि उजवी कडी डावीपेक्षा चार बोटं खाली. एवढं नेटकं काम करणाऱ्याची मापात चूक झाली असेल हे मला विचित्र वाटलं. पण मी त्यावर फार विचार केला नाही.

"कापायला पाच मिन्टं," चाचा म्हणाले. ग्राइंडर हातात घेऊन ते थांबले होते. "परत लावायला त्यो म्हातारा लागंल. बगा."

मी म्हटलं, कापा.

ठिणग्या उडाल्या, सांगाडा खाली पडला. फ्रेमचा मागचा भाग ओझ्यानं बोटभर खाली वाकलेला निघाला, तो तापवून सरळ केला. सांगाडा भंगारात द्यायचं माझ्या जिवावर आलं. चाचांनी तो भिंतीला खिळा मारून टांगला आणि कड्यांना जुन्या ट्यूबा आणि चेन अडकवायला सुरुवात केली. दुकानात एवढी सोयीची खुंटी नव्हती म्हणे.

आणि मग मी तो व्हिंटेजचा नियम बारकाईनं वाचला. व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. मला तर तिच्यावरून बँकेत जायचं होतं. शेवटी साधीच फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांसाठी. नंबर तोच, तीन इंग्रजी अक्षरांचा जुना. हे आधी वाचलं असतं तर. बँकेत मी दुसऱ्यांना सांगतो, सही करण्यापूर्वी अटी वाचा.

रंगाचं काम वेगात झालं, पैसेही वेगात गेले. टाकीत गाळ आणि गंज एकजीव झालेला. आत मूठ मूठ नट आणि खडी भरून, टाकी गोधडीत गुंडाळून, ओळखीच्या ठेकेदाराच्या काँक्रीट मिक्सरला बांधली आणि अर्धा तास फिरवली. मुकादम म्हणाला, "साहेब, काय शिजवताय?" क्रोमसाठी दिलेल्या सामानातली नावाची एक पट्टी एका प्लेटिंगवाल्यानं हरवली आणि दुसरीवरची उठावदार अक्षरं पॉलिश करता करता घासून सपाट केली. दुसरी जोडी मिळायला आठ महिने लागले, पुण्याच्या जुन्या बाजारात, एका बुधवारी, स्टोव्हच्या बर्नरांच्या ढिगात. मूळ मरून रंग सीटच्या खाली तळहाताएवढा शिल्लक होता, त्यावरून मिळवला. पट्टी ओढायला रिक्षांवर नावं रंगवणारे एक पेंटर आले. खारीच्या केसांचा लांब ब्रश, करंगळी टाकीवर टेकवलेली, आणि श्वास रोखून एका दमात कानापासून पोटापर्यंत सोनेरी रेघ. मी जवळ उभा होतो तर म्हणाले, "बाजूला व्हा, तुमचा श्वास लागतोय."

पण मला खरी भूल पडली ती टायमिंगच्या संध्याकाळी.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडायला हवी. फार आधी पडली तर किक उलटी पायावर येते, इंजिन तापतं, पिस्टनला भोकही पडू शकतं. उशिरा पडली तर गाडी मरगळते. ठिणगी पडते पॉइंट उघडतात त्या क्षणी. पॉइंट म्हणजे तांदळाच्या कणीएवढ्या दोन धातूच्या टिकल्या, एकमेकींवर टेकलेल्या. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात ०.४ मिलिमीटरची फट हवी. ती मोजायला पट्टी असते, पण त्या नेमक्या कधी उघडायला लागतात हे डोळ्यांना दिसत नाही. चाचांनी कपाटातून एक जुनी वही काढली, तिच्यात पतंगाच्या कागदाचे तुकडे जपून ठेवलेले. एक जांभळा तुकडा त्यांनी दोन टिकल्यांच्या मधे सरकवला. प्लगच्या भोकात डायल गेज, म्हणजे पिस्टन किती वर आला ते काट्यानं दाखवणारं घड्याळ, बसवला. मग एका हातानं कागदाचं टोक अगदी हलकं ताणून धरलं आणि मला म्हणाले, "फिरवा. सावकाश. झोपलेल्या पोराच्या डोक्याखालनं हात काढताय असं."

मी फिरवलं. गेजचा काटा चढत होता. कागद ताठ. बोळात पलीकडचा लेथही त्याच वेळी बंद झाला. काटा आणखी दोन रेघा चढला, आणि कागद आपोआप सुटून चाचांच्या चिमटीत आला, कुणी ओढलाच नव्हता. "सुटला," ते म्हणाले. काट्याकडं बघितलं, मान हलवली. "उशिरा." प्लेट केसभर फिरवली, कागद परत घातला. असं सोळा-सतरा वेळा. शेवटच्या खेपेला काट्यावर हवा तो आकडा आणि कागदाचं सुटणं एकाच वेळी झालं. चाचांनी स्क्रू आवळले, मग आवळताना प्लेट सरकली असेल म्हणून परत तपासलं. कागद वहीत ठेवून दिला. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाले, "उस्ताद सिगरेट वढायचे, ते त्या पाकिटातला कागद वापरायचे. मी वढत न्हाई."

गाडी २०२३च्या दिवाळीआधी सुरू झाली. तिसऱ्या किकेला. दोन सायलेन्सरांतून निळा धूर आणि तो सुका, ठाशीव, अधूनमधून एखादा ठोका चुकवणारा आवाज. तो चुकणारा ठोका चुकीचा नसतो, टू-स्ट्रोक रिकामं चालताना तसंच बोलतं. पण धूर निळ्याचा पांढरा झाला आणि थांबेना. गिअर बॉक्समधलं ऑइल कमी होत होतं. क्लचच्या बाजूचं सील बसवताना त्याची ओठासारखी कड मी दुमडली होती, आणि इंजिन तिथून गिअरचं ऑइल ओढून पीत होतं. परत सगळं खाली. त्यावर जास्त लिहीत नाही.

चाचांचा शेवटचा धडा कॉकचा. गाडी बंद केली की पहिलं पेट्रोलचा कॉक बंद करायचा, मग किल्ली, मग स्टँड. जुन्या कार्बोरेटरची सुई झिजलेली असते, कॉक उघडा राहिला तर रात्रभर पेट्रोल झिरपत इंजिनात उतरतं. मी हे शंभर वेळा ऐकलं आणि एकदा विसरलो. रात्री दीड वाजता बायकोनं हलवून उठवलं, "अहो, गॅस गळतोय का बघा." इमारतीतले सगळे जिन्यात जमलेले, कुणी तरी सिलिंडर बाहेर आणून ठेवलेला, आणि पार्किंगमध्ये माझ्या लाडकीच्या खाली इंद्रधनुष्याचं थारोळं. त्यानंतर इमारतीत माझं नाव 'जावा' पडलं.

मार्चमध्ये एका रविवारी गाडी घेऊन त्या गावाला गेलो. जाताना शिरोळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. साठाच्या वर गाडी नेत नाही, नेववतही नाही. पुढचा दिवा सहा व्होल्टचा, देव्हाऱ्यातल्या समईएवढा, म्हणून अंधाराच्या आत परत फिरायचं ठरवून निघालो होतो.

गोठ्याच्या भिंतीला चुना दिला होता, तरी आतून पाण्याची रेघ पुसटशी दिसत होती. मावशी बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. पदरानं टाकीवरची धूळ पुसली, तिथं धूळ नव्हती तरी. मग मागं जाऊन थांबल्या.

"आणि कॅन?"

मी म्हटलं, ते काढलं मावशी. मूळ गाडीला नसतं ते.

"नसतं?" त्या म्हणाल्या.

मुलगा चहा घेऊन आला. मी सहज विचारलं की उजवी कडी खाली का होती. तो हसला. "आबा गाडीवरनं उतरायचेच न्हाईत. पाय टेकवून उभं ऱ्हायचं, गाडी चालूच. उजव्या हातानं मागं कॅनमधी माप बुडवायचं. कडी वर असती तर खांदा पोचत न्हवता. त्यांनी चार दिस बसून बसून माप घेतलंतं, सुतळीनं." त्यानं बसल्या जागी हात मागं नेऊन दाखवलं, मनगट वळवून, भरलेलं माप वर काढावं तसं. त्याचाही हात बरोबर तिथंच गेला.

माझ्या हातातला चहा गार होत होता.

आबा आत सोप्यात होते. मिरजेहून परत आले होते, पण उजवी बाजू गेलेली, बोलणं फुटत नव्हतं. मुलानं काखेत हात घालून बाहेर आणलं. त्यांनी गाडीकडं बघितलं. नव्या क्रोमकडं, सोनेरी रेघेकडं ते बघतायत असं काही मला दिसलं नाही. मुलाचा हात सोडून ते दोन पावलं पुढं आले, डावा हात टाकीच्या खाली घातला, न बघता, आणि कॉक बंद केला.

मी तो उघडाच ठेवला होता.